सोसणे आणि बदलणे : एका मानसोपचाराचे गुणदोष

पाय मोडला तर शेजारी धावत येतात. ताप चढला तर कोणी काढा करून आणते, कोणी रात्रभर उशाशी बसते. परंतु मनुष्याचे मन आतल्या आत मोडले तर तो आवाज घरातल्या माणसांसही बहुधा ऐकू जात नाही. ऐकू गेलाच, तर 'नखरे', 'हट्ट', 'बाहेरची बाधा' अशी काही नावे देऊन तो मिटविण्याकडेच सर्वांचा कल असतो.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' हे जहाज पोर्ट लुईस बंदरास लागले. त्यानंतरच्या दशकांत करारबद्ध मजूर म्हणून जे लक्षावधी लोक हिंदुस्थानातून मॉरिशसला आले, त्यांत कोकणपट्टीतील मराठी माणसेही होती. त्या पूर्वजांपाशी पैसा नव्हता, विद्या नव्हती, परतीची खात्री नव्हती. त्यांचे भांडवल एकच, आणि ते म्हणजे सोसण्याची ताकद. त्या ताकदीवर घरे उभी राहिली, देवळे उभी राहिली, मुले शिकली. म्हणूनच 'सोसावे, सगळे सुरळीत होते' हा उपदेश त्यांच्या वंशजांच्या घरांत आजही मोठ्या आदराने केला जातो, आणि तो आदर अस्थानी आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि काही मने अशी असतात की त्यांस नुसते सोसणे पुरत नाही. आणि 'स्वभाव बदल' असे नुसते बजावल्यानेही त्यांचे भागत नाही. या दोन उपदेशांच्या मधून वाट काढणारा एक उपचार अमेरिकेत जन्मास आला. 'डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी', संक्षेपाने 'डी.बी.टी.', हे त्याचे नाव. तो घेणाऱ्या माणसाच्या पदरात काय पडते आणि त्याला काय मोजावे लागते, याचा विचार करणे उपयोगाचे होईल.

एका मुलीची प्रतिज्ञा

या उपचाराची जनक मार्शा लिनेहन. तिचा जन्म १९४३ साली ओक्लाहोमा राज्यातील टल्सा या शहरी झाला. वयाच्या सतराव्या वर्षी, १९६१ च्या मार्च महिन्यात, तिला कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड येथील मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. ती स्वतःच्या शरीरास इजा करून घेत असे. तिच्या जिवास जपावे म्हणून तिला एकांतकोठडीत ठेवले, तर तेथील भिंतीवर ती डोके आपटू लागली. 'स्किझोफ्रेनिया' असे तिच्या रोगाचे निदान झाले. भारी औषधे झाली, विजेचे झटके झाले. कशानेच गुण आला नाही. सव्वीस महिन्यांनंतर, १९६३ च्या मे महिन्याच्या अखेरीस, ती तेथून बाहेर पडली. त्या काळात तिने मनाशी एक प्रतिज्ञा केली होती : या नरकातून आपण बाहेर पडू, आणि मग परत येऊन इतरांस बाहेर काढू.

पुढचा मार्ग सरळ नव्हता. दिवसा विमा कंपनीत कारकुनी करावी आणि रात्रीच्या वर्गांस बसावे, असे करीत ती शिकागोच्या लोयोला विद्यापीठात शिकली. १९६७ साली शिकागोतीलच एका प्रार्थनागृहात बसली असता, आपण स्वतःवर प्रेम करू शकतो असा साक्षात्कारासारखा अनुभव तिला आला. १९७१ साली तिने मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. पुढे सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात तिने आत्मघाताच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या स्त्रियांवर उपचार आरंभिले. १९९१ साली तिच्या पद्धतीची पहिली मोठी कसोटी प्रसिद्ध झाली आणि १९९३ साली मूळ ग्रंथ.

आपण स्वतः एकेकाळी रुग्ण होतो, ही गोष्ट मात्र तिने दीर्घकाळ लोकांपासून दूर ठेविली. एकदा तिच्या हातांवरील जुने व्रण पाहून एका रुग्ण स्त्रीने विचारले, की तुम्हीही आमच्यांतल्याच काय? तसे असेल तर आम्हा सर्वांस केवढी आशा वाटेल! तो प्रश्न लिनेहनच्या मनातून गेला नाही. २०११ च्या जून महिन्यात, ज्या हार्टफर्डच्या संस्थेत तिला कोंडून ठेवले होते तेथेच श्रोत्यांपुढे उभे राहून, तिने आपला पूर्वेतिहास उघड केला. २०२० साली तिचे आत्मचरित्रही प्रसिद्ध झाले.

विरोधातून विकास

'डायलेक्टिक' या शब्दास मराठीत 'विरोधविकास' असा प्रतिशब्द आहे. दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात आणि त्यांच्या झगड्यातून तिसरी, अधिक पूर्ण गोष्ट जन्मते, हा त्याचा भावार्थ. लिनेहनला या तत्त्वापर्यंत पुस्तकांनी नेले नाही, रुग्णांनी नेले. आरंभी तिने वर्तन बदलण्याच्या शास्त्रशुद्ध युक्त्या शिकविण्यास प्रारंभ केला, तेव्हा रुग्ण संतापले : 'म्हणजे सगळा दोष आमचाच!' मग तिने केवळ सहानुभूतीने ऐकून घेण्याचे धोरण धरले, तेव्हा तेच रुग्ण निराश झाले : 'म्हणजे आम्ही असेच राहणार!' अखेरीस तिने दोन्ही टोके एका मुठीत धरली. 'तू आज जशी आहेस तशी समजण्याजोगी आहेस' आणि 'तुला बदलावे लागेल' ही दोन्ही वाक्ये एकाच श्वासात उच्चारावयाची, हे या उपचाराचे मर्म होय.

यांतील स्वीकाराचे अंग तिने झेन साधनेतून घेतले. कॅलिफोर्नियातील शास्ता ॲबी येथे, आणि पुढे जर्मनीत विलिगिस येगर या ख्रिस्ती साधूच्या हाताखाली, तिने झेनचे शिक्षण घेतले. 'झेन' हा शब्द संस्कृत 'ध्यान' या शब्दाचे चीन व जपान येथून फिरून आलेले रूप आहे, हे पाहिले असता या अमेरिकन उपचाराचे एक मूळ भारतभूमीत सापडते असे म्हणावयास हरकत नाही. मात्र येथे ध्यान मोक्षासाठी शिकवीत नाहीत. मनात उसळलेली लाट ओळखावी, तिला नाव द्यावे आणि तिच्या पाठीवर बसून वाहवत जाऊ नये, एवढ्यासाठी ते शिकवितात.

हा उपचार मुख्यत्वे ज्या व्याधीसाठी योजिला गेला तिला 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' म्हणतात. या व्याधीत भावना क्षणात पेटतात, फार उंच जातात आणि विझण्यास फार वेळ घेतात. आपल्याला टाकून देतील हे भय सतत पाठीशी असते. नाती आज अमृत तर उद्या विष होतात. स्वतःस इजा करण्याची ऊर्मी वारंवार उठते. भाजलेल्या अंगास वाऱ्याची झुळूकही झोंबते, तशी अशा मनाची अवस्था असते, असे लिनेहनने म्हटले आहे. जन्मतःच हळवा असलेला स्वभाव, आणि 'एवढ्याशा गोष्टीला काय रडतेस' असे म्हणून त्या हळवेपणास सतत खोटे ठरविणारे भोवताल, या दोहोंच्या संयोगातून ही अवस्था उद्भवते असा तिचा सिद्धांत आहे.

उपचाराचे एक वर्ष

उपचार घेणाऱ्या एखाद्या तरुणीचे वर्ष कसे जाते, ते डोळ्यांपुढे आणावे. ही तरुणी कोणी एक विशिष्ट व्यक्ती नाही. अशा उपचारातून गेलेल्यांना जे सर्वसाधारणपणे अनुभवास येते, त्यावरून रेखाटलेले हे चित्र आहे.

प्रथम तिच्याकडून वचन घेतात. निदान एक वर्ष यावयाचे, जीव देण्याचा विचार बाजूस ठेवून जगण्याच्या बाजूने काम करावयाचे, आणि उपचारात अडथळा आणणाऱ्या स्वतःच्या वागण्यावरही बोलावयाचे. मग आठवड्यातून एकदा उपचारकाशी एकटीने भेट, आणि एकदा सुमारे दोन-अडीच तासांचा सामुदायिक वर्ग. वर्गात चार विषय असतात : सजगता, क्लेश सहन करणे, भावनांचे नियमन आणि माणसांशी वागण्याचे कौशल्य. चारही विषयांची एक फेरी सुमारे चोवीस आठवड्यांत पुरी होते, आणि वर्षात तीच फेरी पुन्हा एकदा होते. वर्गाचे स्वरूप शाळेसारखे असते. धडा असतो, घरचा अभ्यास असतो, आणि तो पुढच्या खेपेस सर्वांसमक्ष तपासला जातो.

याखेरीज रोज रात्री एक तक्ता भरावयाचा. आज दुःख किती होते, इजा करण्याची ऊर्मी किती होती, कोणते कौशल्य वापरले, हे आकड्यांत मांडावयाचे. आठवड्यात काही विपरीत घडले असेल तर उपचारक त्या प्रसंगाची साखळी कडीकडीने तपासतो : कोणता शब्द लागला, मनात काय आले, छाती कशी दाटली, पाऊल कोठे घसरले, आणि कोणत्या कडीपाशी वेगळे वागता आले असते. संकटाच्या क्षणी उपचारकास दूरध्वनी करण्याची मुभा असते. तेथे तो लांबलचक सांत्वन करीत बसत नाही. 'आतापर्यंत काय काय करून पाहिलेस?' असे विचारतो आणि पुढचे पाऊल सुचवितो. उपचारकही एकटा नसतो. अशा रुग्णांबरोबर काम करताना त्याचा धीर सुटू नये म्हणून सर्व उपचारक दर आठवड्यास एकत्र बसून एकमेकांस सावरतात.

पदरात काय पडते

पहिला लाभ असा, की तिला प्रथमच नाव मिळते आणि नावाबरोबर दोषमुक्तीही मिळते. 'तू वाईट नाहीस. तुला काही कौशल्ये कोणी शिकविलीच नाहीत' हे वाक्य, जी आयुष्यभर 'हट्टी' म्हणवून घेत आली, तिच्या कानी पडते. त्याच वेळी तिला हेही सांगितले जाते, की आपले सर्व प्रश्न तू निर्माण केले नसशील, परंतु सोडवावे तुलाच लागतील. हे वाक्य कठोर आहे. पण त्यात तिच्या कुवतीविषयी आदरही आहे.

दुसरा लाभ, हाताशी काहीतरी असणे. रात्री दोन वाजता तत्त्वज्ञान उपयोगी पडत नाही. परंतु श्वास रोखून गार पाण्यात चेहरा बुडविला असता हृदयाची गती मंदावते, हा शरीराचा धर्म उपयोगी पडतो. (हृदयविकार असणाऱ्यांनी मात्र वैद्यास विचारल्यावाचून हे करू नये.) भीती पळ काढावयास सांगत असता, आणि ती भीती वस्तुस्थितीस धरून नसता, पाऊल पुढे टाकावयाचे, लाज लपावयास सांगत असता मान वर करावयाची, याला 'उलट कृती' म्हणतात. मागणी कशी करावी, नकार कसा द्यावा, आणि दोन्ही करताना स्वतःचा मान कसा राखावा, हेही पाठ असतात.

हे केवळ समाधान नव्हे, याला पुरावा आहे. १९९१ च्या अभ्यासात ४४ स्त्रियांचा विचार झाला. हा उपचार घेणाऱ्यांनी स्वतःस इजा करण्याचे प्रसंग कमी आले, त्या उपचारात टिकून राहिल्या आणि रुग्णालयातील त्यांचे दिवस घटले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०१ स्त्रिया होत्या. एक वर्ष उपचार आणि एक वर्ष देखरेख, अशा दोन वर्षांत आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यांचे प्रमाण इतर तज्ज्ञांकडे गेलेल्या स्त्रियांच्या मानाने जवळजवळ निम्मे आढळले. २००९ साली इंग्लंडमधील शासकीय मार्गदर्शिकेनेही, वारंवार स्वतःस इजा करणाऱ्या अशा स्त्रियांसाठी या उपचाराचा विचार करावा, असे नमूद केले.

काय मोजावे लागते

नाण्याची दुसरी बाजू न पाहणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिली उणीव श्रमाची. जिला सकाळी अंथरुणातून उठणे जड जाते, तिने आठवड्यातून दोनदा वेळेवर हजर राहावे, रोज तक्ता भरावा, गृहपाठ करावा, ही अपेक्षा लहान नाही. लागोपाठ चार भेटी चुकल्या तर उपचारातून नाव कमी होते. हा नियम सर्वांस सारखा असला, तरी जिला टाकून दिले जाण्याचेच भय आहे तिच्या डोक्यावर तो टांगत्या तलवारीसारखा राहतो. स्वतःस इजा केल्यावर चोवीस तास उपचारकाशी दूरध्वनीवर बोलता येत नाही, हाही नियम असाच आहे. इजा करण्याआधी मदत मागावी, हा त्यातील हेतू. परंतु नेमक्या एकाकी घटकेला दार बंद झाले असे वाटणारेही असतात.

दुसरी उणीव शाळकरीपणाची. आद्याक्षरे जुळवून बनविलेली कौशल्यांची नावे, एकामागून एक कागद, कोष्टके, यांमुळे प्रौढ माणसास आपण बालवर्गात बसलो आहोत असे वाटू शकते. त्यात ही आद्याक्षरे इंग्रजीत जुळलेली आहेत. कचेरीत फ्रेंच वा इंग्रजी, बाजारात क्रिओल आणि आजीजवळ मराठी अशी ज्यांची जिव्हा वाटली गेली आहे, त्यांची व्यथा कोणत्या भाषेत उमटते हे उपचारकाने विचारले पाहिजे. 'जीव गुदमरतो', 'काळीज तुटते', 'पोटात खड्डा पडतो' हे तीन वेगवेगळे अनुभव आहेत, आणि तक्त्यातील एका आकड्यात ते मावत नाहीत.

तिसरी उणीव अधिक खोल आहे. 'संपूर्ण स्वीकार' हे या उपचारातील एक मोठे कौशल्य. जे घडले ते घडले, हे मनोमन मान्य करावयाचे. जिच्यावर घरातच अत्याचार झाला तिला हे ऐकून, आपणांस अन्याय गिळावयास सांगत आहेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. मान्य करणे म्हणजे पसंत करणे नव्हे, हे उपचारकाने पुन्हापुन्हा उलगडून सांगितले नाही, तर औषधच जखमेवर मीठ होते. शिवाय जिवाचा धोका टळेपर्यंत जुन्या आघातांविषयीचे सखोल काम पुढे ढकलले जाते. ही सावधगिरी योग्य असली, तरी आपली खरी गोष्ट कोणी ऐकलीच नाही ही भावना काहींच्या मनात उरते. ही त्रुटी ओळखून, आघातांवरील उपचाराची जोड या पद्धतीस देण्याचे प्रयत्न पुढे झाले आहेत.

आणि शेवटी, हा रामबाण नव्हे. १९९१ च्या त्याच पहिल्या अभ्यासात इजेचे प्रसंग घटले, पण खिन्नता व निराशा यांत दोन गटांत फरक दिसला नाही. माणूस मरणापासून दूर आला, तरी जगण्यात गोडी अजून यावयाची होती. २००९ साली टोरांटो येथील १८० रुग्णांच्या अभ्यासात हा उपचार आणि नीट शिस्तीने केलेला सर्वसाधारण मानसोपचार, दोहोंनी सारखाच गुण आला. ऑस्ट्रेलियात एक हजाराहून अधिक शाळकरी मुलांस आठ आठवड्यांचा संक्षिप्त पाठ सरसकट दिला गेला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत मुलांची मनःस्थिती व आईवडिलांशी असलेले संबंध लगेचच्या काळात उलट काहीसे खालावलेले दिसले. ज्याला दुखणे नाही त्याला मात्रा देऊ नये, आणि अर्धी मात्रा देऊन पुऱ्या गुणाची आशा धरू नये, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

कीरा व्हॅन गेल्डर या अमेरिकन लेखिकेने आपल्या बऱ्या होण्याची कथा २०१० साली प्रसिद्ध केली. त्या पुस्तकाच्या नावातच या उपचाराच्या जोडीस बौद्ध साधना आहे आणि सोबती शोधण्याची खटपटही आहे. उपचार माणसाला उभे करतो. पण उभे राहिल्यावर चालावयाचे कोठे, हे त्याला इतरत्र शोधावे लागते. माणसे, काम, श्रद्धा, कोणाला तरी आपली गरज असणे, या गोष्टी कोणत्याही वर्गात शिकविता येत नाहीत.

घरच्यांचे कर्तव्य

प्रत्येक गावी या उपचाराचे पूर्ण शिक्षण घेतलेले उपचारक मिळतील असे नाही. वर्षभराचा खर्च व वेळ प्रत्येक घरास झेपेल असेही नाही. म्हणून ज्याला तो घ्यावयाचा आहे त्याने आरंभीच विचारून घ्यावे : एकट्याची भेट, वर्ग, अडचणीच्या वेळचा दूरध्वनी आणि उपचारकांची आपसातील बैठक, या चारही गोष्टी येथे आहेत काय? वर्ष संपल्यावर पुढे काय? माझ्या भाषेत बोलता येईल काय? असे प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे, तो रुग्णाचा अधिकार आहे.

परंतु या उपचारातील एक गोष्ट शिकण्यास पदवी लागत नाही. ती म्हणजे समोरच्याची वेदना खरी मानणे. मुलगी म्हणाली, 'मला जगावेसे वाटत नाही', तर 'असे अभद्र बोलू नये' म्हणून तिचे तोंड बंद करू नये. 'तुला इतके असह्य झाले आहे, हे मला कळले नव्हते. सांग' असे म्हणावे. वेदना मान्य करणे म्हणजे तिच्या प्रत्येक कृतीस संमती देणे नव्हे. ऐकून घ्यावे, तिला एकटी सोडू नये, आणि विलंब न लावता डॉक्टरांकडे वा रुग्णालयात न्यावे. लोक काय म्हणतील हा विचार नंतर करता येतो. गेलेले माणूस नंतर परत आणता येत नाही.

उसाच्या मळ्यांत राबलेल्या पूर्वजांनी सोसले, हे खरे. पण ते केवळ सोसत राहिले नाहीत. दिवसभराच्या कष्टानंतर त्यांनी भजने म्हटली, एकमेकांस हात दिला, मुलांस अक्षर शिकविले आणि आपल्या वंशाचे जिणे पालटले. सोसणे आणि बदलणे यांत वैर नाही, हे त्यांस कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक होते. आज एखाद्या घरात दाराआड कोणी मुकाट्याने रडत असेल, तर त्या शहाणपणातील दुसरा अर्धा भागही तिच्यापर्यंत पोहोचविणे हे वंशजांचे काम आहे. हार्टफर्डच्या कोठडीतील मुलीस जे कोणी सांगितले नाही, ते या घरातील मुलीस वेळेवर सांगितले जावे : तू आमच्यांतलीच आहेस, आणि येथून बाहेर पडण्याची वाट आहे.